बाटलीतला फुगा आणि पोटातले बाळ

बुडाकडून कापलेली प्लॅस्टिकची बाटली, बुचातून आत सोडलेली वाय आकाराची नळी, नळीच्या दोन टोकांना बांधलेले दोन फुगे आणि बाटलीच्या उघड्या बुडाला ताणून बसवलेले रबर. रबर खाली ओढले की फुगे फुगतात, सोडले की बसतात. हे प्रारूप कधीच केले नाही असा विज्ञानशिक्षक सापडणे कठीण. मी शाळेत असताना ते केले होते आणि फुगे पहिल्यांदा फुगले तेव्हाचा आनंद अजून आठवतो.

तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आठवीच्या वर्गात, मागच्या बाकावर बसून, मी हाच प्रयोग पुन्हा पाहत होतो. बाईंनी तो छान करून दाखवला. श्वासपटल म्हणजे रबर, छाती म्हणजे बाटली, फुप्फुसे म्हणजे फुगे, हे मुलांच्या नीट लक्षात आले. मग एका मुलीने हात वर केला. "बाई, बाळ पोटात असतं तेव्हा या फुग्यांत काय असतं?" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "काही नसतं. रिकामे असतात. बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा रडतं ना, तेव्हा फुगतात." मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. तास संपल्यावर बाईंकडून कळले की तिच्या घरी महिन्यापूर्वीच सातव्या महिन्यात बाळ जन्मले होते. ते रडले होते, आणि तरीही दोन दिवसांनी गेले.

बाईंचा यात दोष नाही. माझे काम फुप्फुसांच्या वाढीवर नसते तर मीही तेच उत्तर दिले असते. दोष प्रारूपात थोडा आहे. अधिक दोष आहे तो त्या प्रारूपावर आम्ही शास्त्रज्ञ आणि विज्ञानलेखक गेली कित्येक वर्षे जी गोष्ट रचत आलो तिच्यात. त्या गोष्टीची झडती घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी प्रारूपाला त्याचे श्रेय देऊ. हवा फुप्फुसात शिरते म्हणून छाती फुगत नाही, तर छाती मोठी होते म्हणून हवा आत शिरते, ही उलटी वाटणारी गोष्ट ते दोन मिनिटांत पटवते. एवढ्यासाठी ते उत्तमच आहे. अडचण अशी की प्रारूप एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असते आणि मुलांच्या मनात मात्र ते चित्र म्हणून कायमचे राहते. मग फुप्फुस म्हणजे पोकळ पिशवी, जन्माआधी रिकामी, जन्मानंतर भरलेली, असा समज पक्का होतो.

खरी स्थिती अशी की गर्भाची फुप्फुसे रिकामी नसतात. ती द्रवाने भरलेली असतात. हा द्रव बाहेरून शिरलेले गर्भजल नव्हे. फुप्फुसांचे अस्तर स्वतः तो स्रवते. क्लोराइडचे आयन अस्तरातून पोकळीत सोडले जातात आणि त्यांच्यामागे पाणी येते. श्वासनलिकेतून थोडा थोडा बाहेर पडून तो गर्भजलात मिसळतो. या द्रवाच्या दाबाने फुप्फुसे ताणलेली राहतात आणि या ताणाशिवाय ती वाढत नाहीत. ज्या गर्भाला मूत्रपिंडेच नसतात त्याची फुप्फुसेही खुरटी राहतात, हे निदानतज्ज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मूत्रपिंडांचा फुप्फुसांशी संबंध काय? गर्भावस्थेच्या उत्तरार्धात गर्भजलाचा मोठा भाग म्हणजे गर्भाचे मूत्रच असते. गर्भजल आटले की छातीवर दाब येतो, फुप्फुसातला द्रव बाहेर ढकलला जातो, ताण जातो आणि वाढ थांबते.

फुग्याच्या प्रारूपावर नियतीने केलेली एक गंमत इथे सांगायला हवी. काही गर्भांच्या श्वासपटलाला जन्मतः भोक असते. आतडी छातीत शिरतात आणि फुप्फुसांना जागा उरत नाही. अशा गर्भाच्या श्वासनलिकेत, तो आईच्या पोटात असतानाच, दुर्बिणीने एक छोटा फुगा बसवून ती काही आठवडे बंद करतात. द्रव कोंडतो, ताण वाढतो, फुप्फुस वाढू लागते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अत्यंत गंभीर स्थितीतल्या बाळांपैकी अशा उपचाराने ४० टक्के घरी गेली, उपचाराविना १५ टक्के. त्याबरोबर अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाणही बरेच वाढले, तेव्हा हा उपाय काही सुखाचा नाही. पण इथे फुगा म्हणजे फुप्फुस नव्हे, तर फुप्फुसातला द्रव आत अडवणारे बूच. बाटलीतल्या फुग्यावर वाढलेल्या विद्यार्थ्याला हे समजणारच नाही.

आता गोष्टीकडे. नवजात बाळाच्या श्वासाची गोष्ट विज्ञानाच्या लोकप्रिय लेखांत साधारण अशी सांगितली जाते. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलोंहून जरा जास्त. ३९ तासांनी तो श्वासाच्या विकाराने गेला. जग हादरले, संशोधक कामाला लागले, फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ कमी असतो हे कळले, तो पदार्थ बाळांना देता येऊ लागला आणि लाखो बाळे वाचली. उणीव सापडली, उणीव भरली.

या गोष्टीत तारखांचा क्रमच चुकला आहे. पॅट्रिक जन्मला तेव्हा उणीव सापडून चार वर्षे झाली होती. कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्येच दाखवले होते की, फुप्फुस हवेने फुगवायला जितका दाब लागतो त्यापेक्षा द्रवाने भरायला बराच कमी लागतो. म्हणजे फुप्फुसाच्या आकसण्यात उतींच्या लवचिकतेपेक्षा हवा आणि ओलावा जिथे भेटतात तिथल्या पृष्ठताणाचा वाटा मोठा. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, असेही त्यांनी सुचवले होते. त्या निबंधाकडे पंचवीस वर्षे कोणी पाहिले नाही. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडात रिचर्ड पॅटल यांनी आणि १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसांच्या आत पृष्ठताण कमी करणारा थर असल्याचे दाखवले. दोघेही विषारी युद्धवायूंशी संबंधित लष्करी प्रयोगशाळांत काम करत होते. बाळांचा विचार त्यांच्या डोक्यात मुळात नव्हता. आणि १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी व जेर मीड यांनी या विकाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांच्या अर्कात पृष्ठताण कमी होत नाही हे मोजून दाखवले.

पृष्ठताणाचे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. आतून ओलसर असलेल्या गोलाकार वायुकोशाला उघडे ठेवायला लागणारा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. त्रिज्या ०.१ मिलिमीटर आणि पृष्ठताण साध्या पाण्याइतका, मीटरला सुमारे ०.०७ न्यूटन, असे धरा. उत्तर येते १४०० पास्कल, म्हणजे पाण्याच्या १४ सेंटिमीटर उंच स्तंभाइतका दाब. त्रिज्या निम्मी केली, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे कोश लहानच असतात, तर २८ सेंटिमीटर. शांत श्वासात आपण छातीतला दाब जेमतेम काही सेंटिमीटरने बदलतो. म्हणजे त्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा. ते दमते. मुलीच्या घरचे बाळ रडले होते, आणि तरीही गेले, ते कदाचित असे.

मग उणीव १९५९ मध्ये कळली तर उपचार इतका उशिरा का? कारण उणीव म्हणजे एक पदार्थ असा समज. सर्फॅक्टंटमधला मुख्य घटक एक स्निग्ध रेणू आहे. १९६०च्या दशकात त्याचे फवारे बाळांना देऊन पाहिले आणि ते उपयोगी पडले नाहीत. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसांपासून काढलेले सर्फॅक्टंट दहा बाळांना थेट श्वासनलिकेतून दिले, तेव्हा यश आले. गायीच्या अर्कात स्निग्ध रेणूंबरोबर काही प्रथिने होती. त्यांपैकी 'बी' नावाचे प्रथिन नसेल तर स्निग्ध थर पृष्ठभागावर नीट पसरतच नाही. १९९३ मध्ये याचा उलटा पुरावा मिळाला: पुऱ्या दिवसांचे, चांगल्या वजनाचे बाळ, पण हे प्रथिन बनवणारे जनुक दोन्हीकडून सदोष. त्याचा श्वास सर्फॅक्टंट देऊनही सुधारत नाही. मधल्या काळात, १९७१ मध्ये, जॉर्ज ग्रेगरी यांनी कोणताही पदार्थ न देता, श्वास सोडतानाही हवेचा थोडा दाब कायम ठेवून, वीसपैकी सोळा बाळे वाचवली होती. गोष्टीत या साध्या उपायाला एक ओळही मिळत नाही, कारण 'उणीव भरली' या चौकटीत तो बसत नाही.

या चौकटीचे मला एवढे वावडे का, हे आता सांगतो. 'पदार्थ कमी आहे, पदार्थ द्या' असे म्हटले की बाकीचे फुप्फुस तयारच आहे, फक्त वंगण नाही, असे वाटते. सातव्या महिन्यातल्या बाळाचे फुप्फुस म्हणजे वंगण नसलेले तयार यंत्र नव्हे. ते बनत असलेले फुप्फुस आहे, आणि त्याचे बनणे मध्येच तुटले आहे. ते कसे बनते हे सांगितल्याशिवाय विकार समजत नाही. लोकप्रिय लेखन इथे आले की एकच शब्द वापरते: जनुकीय आराखडा. जणू कुठेतरी नकाशा गुंडाळून ठेवला आहे आणि पेशी तो उलगडून बांधकाम करत आहेत.

चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेच्या पुढच्या बाजूला एक छोटा कोंब फुटतो, त्याचे दोन होतात आणि मग फांद्यांना फांद्या फुटत जातात. प्रौढ माणसात श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत साधारण २३ पिढ्या फांद्यांच्या मोजल्या जातात. वाहक नळ्यांचे हे झाड सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत पुरे होते. वायुकोश मात्र बहुतांशी जन्माच्या आगेमागे आणि नंतर बनतात. आपल्याकडे जनुके वीस हजारांच्या आसपास. प्रत्येक फांदीसाठी नकाशात वेगळी खूण असणे शक्यच नाही.

मग फांदी कुठे फुटावी हे कोण ठरवते? १९६२ मध्ये आलेशिओ आणि कासिनी या दोन इटालियन संशोधकांनी उंदराच्या भ्रूणावर एक सुंदर प्रयोग केला. कोंबाला दोन थर असतात: आतले अस्तर आणि बाहेरची सैल मऊ ऊती. मुख्य श्वासनलिकेला फांद्या फुटत नसतात. तिच्या एका जागेवरची सैल ऊती काढून तिथे फांद्या फुटणाऱ्या भागातली सैल ऊती त्यांनी बसवली. श्वासनलिकेला त्या जागी कोंब फुटला! अस्तर तेच, त्यातली जनुके तीच. शेजारी बदलला आणि वागणूक बदलली. हा प्रयोग फुप्फुसावरच्या प्रत्येक धड्यात असायला हवा असे माझे मत आहे. त्याला उपकरण म्हणून सूक्ष्मदर्शक आणि बारीक सुया एवढेच लागले होते.

शेजारी काय बोलतो ते कळायला आणखी तीस-पस्तीस वर्षे लागली, आणि पहिला धागा मिळाला तो फळमाशीत. माशीला फुप्फुसे नसतात. शरीरभर हवेच्या बारीक नळ्यांचे जाळे असते. ज्या माशीच्या भ्रूणात या नळ्यांना फांद्या फुटत नाहीत तिच्यातल्या सदोष जनुकाला संशोधकांनी नाव दिले ब्रँचलेस, म्हणजे शाखाहीन. १९९६ मध्ये मार्क क्रॅस्नो यांच्या गटाने दाखवले की हे जनुक एक संदेशवाहक प्रथिन बनवते. नळीच्या बाहेरच्या पेशी ते सोडतात. नळीच्या पेशींवर ते ओळखणारा ग्राहक रेणू असतो, आणि नळी त्या दिशेने वाढते. ग्राहकाच्या जनुकाचे नाव ब्रेथलेस, श्वासहीन. नावे ठेवण्यात फळमाशीवाल्यांचा हात कोणी धरू नये.

उंदरात याच कुळातला रेणू आहे, एफजीएफ-१०. तो सैल ऊतीत ठरावीक जागी बनतो. त्यात बुडवलेला मणी अस्तराजवळ ठेवला तर अस्तराचा कोंब मण्याकडे वाढत जातो. १९९८-९९ मध्ये अमेरिकेतील आणि जपानमधील गटांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांची श्वासनलिका होती, तिच्या पुढे काही नव्हते. फुप्फुसेच नाहीत. "फुप्फुसाचे जनुक सापडले" असे लिहिण्याचा मोह कुणालाही व्हावा. पण त्याच पिलांना पायही नव्हते. आणि माणसात याच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असेल तर काहींना अश्रू आणि लाळेच्या ग्रंथी नीट बनत नाहीत. डोळे आणि तोंड कोरडे राहते. एकच रेणू फुप्फुसाला म्हणतो वाढ, पायाला म्हणतो वाढ, लाळग्रंथीला म्हणतो वाढ. काय वाढायचे हे त्या रेणूत लिहिलेले नाही. ते ऐकणाऱ्या पेशीच्या आजवरच्या इतिहासात आहे.

अस्तरही गप्प नसते. त्याच्या टोकाशी सॉनिक हेजहॉग नावाचे दुसरे संदेशप्रथिन बनते (नावाचे श्रेय पुन्हा माशीवाल्यांच्या परंपरेला आणि एका व्हिडिओ खेळाला). ते सैल ऊतीला सांगते की इथले एफजीएफ-१० कमी करा. कोंब जसा उगमाजवळ जातो तसा समोरचा संदेश विझतो आणि दोन्ही बाजूंना उरतो, म्हणून कोंब दुभंगतो, असे एक स्पष्टीकरण आहे. त्याच्या तपशिलांवर आमच्या क्षेत्रात अजून वाद चालतो. पण हेजहॉग नसलेल्या उंदराची फुप्फुसे फांद्या न फुटलेल्या पिशव्यांसारखी राहतात, हे पक्के. त्या पिशव्या मात्र पाठ्यपुस्तकातल्या फुग्यांसारख्या दिसतात! २००८ मध्ये क्रॅस्नो यांच्याच गटाने उंदराच्या फुप्फुसातल्या हजारो फांद्यांची वंशावळ मांडली, तेव्हा फांदी फुटण्याच्या केवळ तीन तऱ्हा सापडल्या. त्याच तीन पुन्हा पुन्हा, ठरावीक क्रमाने. नकाशा नाही, जागेवर चाललेले बोलणे आहे आणि थोड्या सवयी आहेत.

इथवर आले की अनेकांना वाटते, हे भ्रूणशास्त्र ठीक, पण दवाखान्यात त्याचे काय. म्हणून आता स्टिरॉइडकडे येतो. माझी खरी तक्रार तिथे आहे.

न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स प्रसूती सुरू कशी होते याचा शोध मेंढ्यांवर घेत होते. गर्भातल्या कोकरांना त्यांनी कॉर्टिसोलच्या जातीची संप्रेरके दिली. कोकरे फार लवकर जन्मली. इतक्या लवकर जन्मलेले कोकरू श्वास घेऊ शकत नाही. ही घेत होती. हे १९६९ मधले. १९७२ मध्ये रॉस होवी यांच्याबरोबर त्यांनी २८२ मातांवरची चाचणी प्रसिद्ध केली. उपचार न झालेल्या गटात २५.८ टक्के बाळांना श्वासविकार, उपचाराच्या गटात ९ टक्के. बाळे दगावण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर. एवढे स्पष्ट उत्तर वैद्यकात क्वचित मिळते. तरीही हा उपचार सर्रास होण्यास वीस वर्षांहून अधिक लागली, ही वेगळी लाजिरवाणी कथा आहे.

लेखांत आणि व्याख्यानांत हे असे सांगतात: इंजेक्शन दिले की सर्फॅक्टंट तयार होते आणि फुप्फुस पिकते. 'पिकते' हा शब्द मराठीत छान बसला आहे आणि तोच फसवतो. अढीत घातलेली कैरी पिकते, पण मोठी होत नाही. स्टिरॉइडचेही थोडेसे तसेच आहे. १९८५ मध्ये नवजात उंदरांवर दिसून आले की या औषधाने वायुकोशांच्या भिंती लवकर पातळ होतात, पण नव्या भिंती उभ्या राहणे थांबते. कोश संख्येने कमी आणि आकाराने मोठे राहतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, दर चौदा दिवसांनी पुन्हा पुन्हा इंजेक्शने दिलेल्या मातांची बाळे वजनाने, उंचीने आणि डोक्याच्या घेराने कमी भरली आणि फायदा काही दिसला नाही. हा संदेश 'सर्फॅक्टंट बनव' असा नाही. त्याचा अर्थ 'वाढ थांबव, आता कामाला लाग' असा आहे.

आणि तो ऐकतो कोण? स्टिरॉइडचा ग्राहक रेणू नसलेली उंदराची पिले बहुतेक जन्मताच श्वासाअभावी मरतात, हे १९९५ मध्ये कळले. पुढे हा ग्राहक एकेका ऊतीतून वेगळा काढून पाहिला. केवळ सैल ऊतीतून काढला तरी पिले मरतात. भिंती जाड आणि पेशींनी गच्च राहतात. सर्फॅक्टंट बनवणाऱ्या पेशी अस्तरात असतात, पण निरोप घेणारा मुख्य कान त्यांच्या शेजाऱ्याला आहे. आलेशिओ आणि कासिनींचा १९६२ चा धडा औषधाच्या बाटलीतून परत आला. स्टिरॉइड बाळाच्या फुप्फुसाला बाहेरून काही आणून देत नाही. दोन उतींत आधीच चाललेल्या बोलण्यात ते मध्येच एक वाक्य घुसवते. ते वाक्य चोविसाव्या आठवड्यात, बत्तिसाव्यात आणि अडतिसाव्यात सारखेच ऐकले जात नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. २०११ ते २०१४ या काळात सहा देशांतल्या ग्रामीण आणि निमशहरी भागांत एक प्रचंड चाचणी झाली. भारतातली तिची दोन केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. कल्पना स्तुत्य होती: मोठ्या रुग्णालयात जे इंजेक्शन बाळे वाचवते ते गावपातळीवर, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शंका येताच द्यायचे. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब ठेवला गेला. सर्वांत कमी वजनाच्या बाळांत, म्हणजे दर शंभरातल्या तळच्या पाचांत, मृत्यूचे प्रमाण हजारी २२५ विरुद्ध २३२ राहिले. फरक नाही म्हटले तरी चालेल. सगळी बाळे धरली तर उपचाराच्या भागांत हजारी २७.४ दगावली, इतर भागांत २३.९. दर हजारी साडेतीन बाळे जास्त. लहान बाळांच्या मातांमध्ये संसर्गाची शंकाही अधिक दिसली. नेमके कशामुळे हे त्या चाचणीने सिद्ध केले नाही. पण एवढे दिसते की इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच जणींचे दिवस पुरे भरले आणि मग बाळंतपण झाले. त्यांच्या बाळांना त्या वाक्याची गरज नव्हती. दिवस अचूक मोजण्याची सोय नव्हती, आणि लवकर जन्मलेल्या बाळाला पुढे सांभाळायची व्यवस्थाही जागोजाग नव्हती.

ही बातमी आल्यावर दुसऱ्या टोकाची ओरड झाली की इंजेक्शनच घातक. तीही त्याच चौकटीतली: पदार्थ चांगला की वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अटी घातल्या. दिवस अचूक ठाऊक हवेत, आईला संसर्ग नको, प्रसूतीची आणि बाळाच्या देखभालीची नीट सोय हवी. त्या अटी पाळून भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत नवी चाचणी झाली. सोनोग्राफीने दिवस ठरवून, २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यानच. २८५२ माता. २०२० मध्ये निष्कर्ष आला: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. औषध तेच. बदलले ते कधी, कुणाला आणि कुठे.

मला ठाऊक आहे की आठवीच्या वर्गात हे सगळे सांगता येणार नाही. फुगा फेकून द्या असेही मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी आणखी एक प्रयोग ठेवा. एका नळीच्या दोन टोकांना साबणाचे दोन बुडबुडे धरा, एक लहान, एक मोठा, आणि मधला चिमटा उघडा. मुलांना विचारा की काय होईल. बहुतेक जण म्हणतील, दोन्ही सारखे होतील. होते उलटे: लहान बुडबुडा मोठ्यात रिकामा होतो. सर्फॅक्टंट पृष्ठभाग आकसला की पृष्ठताण आणखी कमी करते आणि लहान कोशांचे हे बसणे टाळते. (खऱ्या वायुकोशांच्या भिंती सामाईक असतात, त्यामुळे हेही प्रारूप अपुरे, हे सांगायला विसरू नका.) आणि 'आराखडा' हा शब्द जीभेवर आला की एकदा आवंढा गिळा.

त्या बाईंचे पत्र गेल्या पावसाळ्यात आले. आता त्या बाटलीतल्या फुग्यांत आधी थोडे पाणी भरून प्रयोग सुरू करतात. पण एका मुलाने त्यांना विचारले की जन्माच्या वेळी हे पाणी जाते कुठे, नाकातोंडातून सगळे बाहेर पडते का. थोडेसे पडते, मी कळवले. बाकीचे आतच शोषले जाते. प्रसूतीच्या कळांबरोबर बाळाच्या रक्तात ॲड्रिनॅलिन वाढते, आणि आजवर क्लोराइड बाहेर सोडणारे अस्तर आता सोडियम आत ओढू लागते. सोडियमच्या मागे पाणी भिंतीत जाते आणि तिथून रक्तात. श्वासाचा ताण त्याला हातभार लावतो. १९९६ मध्ये सोडियमच्या या वाटेचे एक जनुक काढलेले उंदीर तयार केले, तेव्हा पिले पाण्याने भरलेल्या फुप्फुसांनिशी दोन दिवसांच्या आत मेली. कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन झालेली काही बाळे पहिला दिवसभर धापा टाकतात ती यामुळेच, आणि बहुधा आपोआप सुधारतात. सातव्या महिन्यातल्या बाळात मात्र या वाटाही अजून पुरेशा उघडलेल्या नसतात. सर्फॅक्टंट कमी आणि पाणी जास्त, असे दोन्ही एकदम. तिला प्रश्न विचारून तीन वर्षे झाली. ती मुलगी आता अकरावीला आहे असे बाईंनी लिहिले होते, म्हणून उत्तराची एक प्रत तिच्यासाठीही पाठवली.